रिकामा किल्ला आणि वेढा

किल्ला हा शब्द कानावर पडला की मराठी वाचकाच्या मनात सहसा अभिमान जागा होतो. किल्ला आपला असतो, वेढा परक्याचा असतो, आणि आत अडकलेल्यांविषयी आपली सहानुभूती उपजतच असते. अशा वाचकाच्या हाती एकाच वर्षी प्रसिद्ध झालेली दोन अमेरिकन पुस्तके पडावीत आणि त्यांपैकी एकाचे नाव ‘रिकामा किल्ला’ तर दुसऱ्याचे नाव ‘वेढा’ असावे, हा योग चमत्कारिक खरा. ब्रूनो बेटेलहाइम यांचे ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ आणि क्लॅरा क्लेबोर्न पार्क यांचे ‘द सीज’ ही दोन्ही पुस्तके १९६७ सालची. त्यांचा युद्धशास्त्राशी काडीचाही संबंध नाही. ज्या मुलांस आज आपण स्वमग्न म्हणतो त्या मुलांविषयी, आणि त्यांच्या आईबापांविषयी, ती लिहिलेली आहेत. एकाच विषयासाठी दोघांस एकच प्रतिमा सुचली. परंतु किल्ल्यात कोण आहे आणि बाहेर उभे असणाऱ्याने काय करावयाचे, यासंबंधी दोघांत जो मतभेद आहे तो केवळ पंडितांचा नव्हे. त्याचे बरेवाईट परिणाम हजारो घरांनी भोगलेले आहेत. म्हणून साहित्याच्या नियतकालिकात या पुस्तकांचा विचार करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. लिओ कॅनर या बाल्टिमोर येथील मानसोपचारतज्ज्ञाने १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करून या स्थितीस जे नाव दिले, त्याच्या मुळाशी ‘स्व’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. मराठीने ‘स्वमग्नता’ असे त्याचे रूपांतर केले. हा शब्द आपण कवीस लावला तर ती स्तुती होते, आणि मुलास लावला तर तो आरोप होतो. पण दोन्हीकडे गृहीत एकच, की हा मनुष्य स्वतःत बुडालेला आहे आणि इतरांची त्यास पर्वा नाही. हे गृहीत कितपत टिकते ते पुढे पाहू. या स्थितीची दुसरी शेजारीण म्हणजे अवधान न टिकणे व अतिचंचलता. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एडीएचडी म्हणण्याची चाल आता आपल्याकडेही पडली आहे. पुष्कळ मुलांत या दोन्ही एकत्र नांदतात. तथापि अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथाने २०१३ सालापर्यंत एकाच मुलास ही दोन्ही नावे देण्यास मनाई केली होती. घरातील आईला जे रोज दिसत होते ते ग्रंथास दिसण्यास इतका काळ जावा लागला.

अशा घरांचे साहित्यातील एक जुने चित्र जर्मन भाषेत आहे. फ्रांकफुर्ट येथील हाइन्रिख हॉफमन या डॉक्टराने १८४४ च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी स्वतःच चित्रे काढून एक वही तयार केली. ती १८४५ साली पुस्तकरूपाने निघाली आणि पुढच्या आवृत्त्यांत तीत काही नव्या पद्यकथांची भर पडली. त्यांतील एक चुळबुळ्या फिलिपची. जेवणाचे टेबल मांडलेले आहे. आज तरी हा स्वस्थ बसेल की नाही, असा प्रश्न बाप गंभीर स्वराने विचारतो. आई काही न बोलता टेबलावर नजर फिरविते. मुलगा खुर्ची मागेपुढे झुलवीत राहतो आणि अखेर टेबलावरील कापडासकट खाली कोसळतो. अन्न जमिनीवर, मुलगा कापडाखाली, आणि रागावलेले आईबाप उपाशी. याच पुस्तकात आकाशाकडे पाहत चालणारा व पाण्यात पडणारा दुसरा एक मुलगा आहे. अतिचंचल आणि अनवधानी अशी दोन्ही मुले हॉफमनने आजच्या तज्ज्ञांच्या कितीतरी आधी नेमकी टिपली, असे म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. आमचे लक्ष मात्र त्या मुक्या आईकडे जाते. मुलाच्या स्वभावाचे चित्रण करता करता कवीने नकळत सबंध कुटुंबाचे चित्र काढले आहे. बापाच्या धमकीने मुलाची चुळबुळ थांबत नाही, आणि मुलाची चुळबुळ थांबत नाही म्हणून बापाचा राग वाढतो. हे दोन्ही पाहणाऱ्या आईस बोलण्यासारखे काही उरत नाही. मुलगा पडला याची चौकशी तेथे कोणी करीत नाही. हॉफमनने हे विनोदाने लिहिले, आणि विनोद म्हणून ते उत्तम आहे. परंतु अशा टेबलाशी रोज दोन वेळा बसावे लागणाऱ्या कुटुंबास तेवढ्याने भागत नाही. हे असे का होते, आणि आपण काय करावे, हे त्यास हवे असते.

‘का’ या प्रश्नाचे उत्तर बेटेलहाइम यांनी मोठ्या आत्मविश्वासाने दिले. ते शिकागो विद्यापीठाच्या एका निवासी शाळेचे प्रमुख होते. १९३८-३९ मध्ये नाझींच्या छळछावण्यांत त्यांनी दिवस काढलेले होते. छावणीतील कैदी जसा आशा सोडून निर्जीव होतो तसेच हे मूल झाले आहे, हा त्यांच्या ग्रंथाचा गाभा. मग या मुलाची छावणी कोणती? तर त्याचे घर. आणि पहारेकरी कोण? तर त्याचे आईबाप. हे मूल नसते तर बरे, असे ज्यांस मनातून वाटत होते ते. पुस्तकात तीन मुलांच्या दीर्घ हकीकती आहेत, आणि ग्रंथकाराची शैली अशी पकड घेणारी आहे की वाचक एकेका प्रकरणाबरोबर न्यायासनावर अधिकाधिक ऐटीने बसत जातो. येथेच टीकाकाराने सावध व्हावयास हवे होते. ज्या कथेत एका प्रमुख पात्रास स्वतःच्या तोंडाने बोलण्याची संधीच मिळत नाही, त्या कथेचा निवाडा कितीही वक्तृत्वपूर्ण असला तरी संशयास्पद समजावा. या ग्रंथात आईविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. आई मात्र फारशी बोलत नाही.

शास्त्रानेही या मताची साथ लवकरच सोडली. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, १९६४ सालीच या स्थितीचे मूळ मज्जासंस्थेत आहे असे प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहिला होता. आईबापांच्या थंडपणाची कल्पना पसरविण्यात ज्यांच्या लेखणीचा वाटा होता त्या कॅनर यांनी १९६९ मध्ये पालकांच्या सभेपुढे उभे राहून त्यांस दोषमुक्त केले. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी एकवीस जुळ्यांच्या जोड्या तपासल्या, आणि एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांत ही स्थिती दोघांतही असण्याचा संभव पुष्कळ अधिक आहे असे दाखविले. अतिचंचलतेतही आनुवंशिकतेचा भाग फार मोठा आहे, हे आता सर्वमान्य आहे. म्हणजे ज्या बापाने टेबलाशी मुलास धमकाविले तो बाप लहानपणी स्वतःही खुर्ची झुलवीत असण्याचा संभव बराच.

येथे आम्हांस एक कबुली देणे प्राप्त आहे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या शेजारी एक गृहिणी राहत असे. तिचा मुलगा चार वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता, आणि कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कानांवर हात दाबून जमिनीवर लोळण घेत असे. एके दिवशी तिने आम्हांस विचारले, “सर, तुम्ही एवढी इंग्रजी पुस्तकं वाचता, अशा मुलांविषयी त्यांत काय लिहिलंय?” आम्ही बेटेलहाइम वाचलेले होते, आणि वाचल्याचा आम्हांस अभिमानही होता. आम्ही त्या ग्रंथाचे सार अगदी सौम्य शब्दांत सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग “म्हणजे माझ्यामुळंच,” एवढे म्हणून तिने मुलाचा हात धरला आणि ती घरी गेली. तसे नव्हे, असे आम्ही म्हटले नाही. ज्या सिद्धान्ताचे सार आम्ही तिच्या पदरात घातले तो शास्त्रात केव्हाच बाद झाला होता. आम्ही ग्रंथाच्या भाषेवर लुब्ध होऊन तो खरा की खोटा हे पाहिलेच नव्हते. साहित्याच्या प्राध्यापकाच्या हातून घडू शकणारा याहून मोठा प्रमाद आम्हांस ठाऊक नाही.

‘वेढा’ आम्ही त्यानंतर काही वर्षांनी वाचले. क्लॅरा पार्क या इंग्रजी साहित्याच्या अध्यापिका, त्यांचे पती पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. चार मुलांतील सर्वांत धाकटी मुलगी, १९५८ साली जन्मलेली. पुस्तकात तिचे नाव एली असे बदललेले आहे. आरंभीच एक चित्र येते: जमिनीवरील एकाच ठिकाणाभोवती, कोणाकडेही न पाहता, स्वतःच्याच आनंदात घिरट्या घालणारे एक रांगते मूल. बेटेलहाइम यांनी हे चित्र रंगविले असते तर त्यात दुःख व वैर दाखविले असते. पार्क यांना तेथे आनंद दिसला, आणि त्यांनी तो तसाच लिहिला. ही मुलगी दुःखी नाही, तिला आमची गरज वाटत नाही, आणि नेमकी हीच आमची अडचण आहे, हे त्यांचे निरीक्षण पुस्तकाचा पाया आहे. आत कोणीतरी खात्रीने आहे. तेव्हा किल्ल्याला वेढा घालावयाचा, आणि तो प्रेमाने, युक्तीने व चिकाटीने चालवावयाचा.

या ग्रंथाचे वाङ्मयीन वैशिष्ट्य असे की यात लेखिकेला सर्व काही कळलेले नाही. ती टिपणे ठेविते, अंदाज करते, अंदाज चुकला की तसे सांगते. एखादा शब्द मुलीच्या तोंडी आला, महिनाभर राहिला आणि नाहीसा झाला. एखादा खेळ कित्येक आठवडे नुसता पाहिला गेला आणि एके दिवशी त्यात बोट घातले गेले. अशा बारीकसारीक नोंदींतून आठ वर्षांचा काळ उलगडतो. तज्ज्ञांच्या एका संस्थेत हे दांपत्य गेले तेव्हा त्यांना जो कोरडेपणा भेटला, त्याचे वर्णन करताना लेखिकेची लेखणी प्रथमच धारदार होते. ज्या थंडपणाचा आरोप आईवर ठेवावयाचा तो टेबलाच्या पलीकडल्या बाजूस बसलेला असावा, हा उपरोध तिने फार न ताणता वाचकापुढे ठेविला आहे. स्वतःचा थकवा, चीड, क्वचित येणारी निराशा यांपैकी काहीही ती झाकीत नाही. पण या भावनांस ती मुलीच्या स्थितीचे कारणही होऊ देत नाही. आपल्या भावना आणि मुलीची स्थिती या दोहोंमध्ये तिने जी रेषा आखली आहे ती फार मोलाची आहे.

कारण अशा घरात भावनांचा प्रश्न बहुधा अर्थ लावण्याचा असतो. मूल किंचाळले तर घरातील माणसे क्षणार्धात त्याचा अर्थ ठरवितात: हट्ट, उर्मटपणा, आईने केलेले लाड. हट्ट आणि कोलमडणे यांत मात्र अंतर आहे. हट्टाला काहीतरी हवे असते आणि पाहणारा कोणी लागतो. हवे ते मिळाले, किंवा पाहणारा उठून गेला, की हट्ट बहुधा सरतो. आवाज, प्रकाश, गर्दी किंवा ठरलेल्या क्रमात झालेला बदल सहन न होऊन जे मूल कोलमडते त्याला काहीच नको असते. एकट्या खोलीतही त्याचा आकांत थांबत नाही, आणि त्या वेळी केलेला उपदेश हा त्याच्या कानांवर पडणारा आणखी एक गोंगाट ठरतो. अतिचंचल मुलाचे दुःख निराळे. त्याच्या ठायी भावना आणि कृती यांच्यामध्ये जो क्षणाचा थांबा इतरांस मिळतो तो अपुरा पडतो; राग आला हे त्याला स्वतःला कळण्यापूर्वी त्याने हातातील वस्तू फेकलेली असते, आणि पश्चात्ताप मात्र इतरांइतकाच होतो. एकाच घरात शांतता हवी असलेले एक मूल आणि स्थिर बसू न शकणारे दुसरे असले, किंवा दोन्ही गरजा एकाच मुलाच्या ठायी असल्या, तर त्या घराची कुचंबणा बाहेरच्यास कळणे कठीण.

पार्क यांच्या पुढील लेखनात याविषयी एक बोधप्रद हकीकत आहे. लहानशी गोष्ट मनाप्रमाणे न घडली तर मुलगी आक्रोश करी. तिला संख्यांचे विलक्षण वेड होते. गोल्फच्या खेळात फटके मोजण्याचे एक लहान यंत्र मिळते. ते तिच्यापाशी देण्यात आले, आणि आक्रोश आवरला की एक गुण, नवे काही करून पाहिले की एक गुण, अशी मोजणी सुरू झाली. बक्षिसापेक्षा तिला आकडा वाढण्यातच रस होता. रागावून जे साधले नाही ते तिच्याच आवडीच्या वाटेने पुष्कळसे साधले. पुढे ही मुलगी, जेसी पार्क, विल्यम्स महाविद्यालयाच्या टपालखात्यात काम करू लागली आणि चित्रकार म्हणून प्रसिद्धीस आली; तिच्या चित्रांत घरे व इमारती अपूर्व रंगांत झळकतात आणि त्यांच्यामागे नक्षत्रांचे आकाश असते. २००१ साली तिच्या आईने दुसरे पुस्तक लिहिले, त्यात चाळीस वर्षांची ही वाटचाल आहे. मुलगी बरी झाली, असे मात्र त्यात कोठेही म्हटलेले नाही.

तरीही वेढ्याच्या प्रतिमेत एक दोष आहे, आणि तो सांगितला पाहिजे. वेढा घालणारा बाहेर असतो आणि शरणागती आतल्याने पत्करावयाची असते. आतून बोलणारी माणसे पुढे लिहू लागली तेव्हा हे चित्र बदलले. टेंपल ग्रँडिन यांचे ‘इमर्जन्स’ १९८६ साली निघाले. त्या स्वतः स्वमग्न. कोणी मिठी मारली तर त्यांस ते असह्य होई, आणि तरीही मिठीच्या स्पर्शाची त्यांस तहान होती. मावशीच्या गोठ्यात गुरे धरून ठेवण्याच्या पिंजऱ्यात दाबली गेली की शांत होतात, हे पाहून त्यांनी तरुणपणी स्वतःसाठी तसे यंत्र तयार केले. किती दाब हवा हे त्यात त्यांच्या स्वतःच्या हाती होते. किल्ला रिकामा तर नव्हताच, पण तो किल्लाही नव्हता. आतील माणूस बाहेर हात पसरून उभा होता आणि त्याचा हात धरण्याची रीत कोणास ठाऊक नव्हती. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या अभ्यासकाने २०१२ साली हेच सूत्ररूपाने मांडले: गैरसमज दोन्हीकडून आहे, हे लोक आपणांस जितके ओळखीत नाहीत तितकेच आपणही त्यांस ओळखीत नाही. ‘स्वमग्न’ या शब्दातील आरोप येथे ढासळतो.

आपल्याकडे जयवंत दळवी यांनी ‘नातीगोती’ या नाटकात मतिमंद मुलाच्या आईबापांची ओढाताण रंगभूमीवर आणली. तो मुलगा स्वमग्न नव्हे, आणि नाटकाचा विषयही निराळा. परंतु थकलेले प्रेमही प्रेमच असते, हे मराठी प्रेक्षकास त्या नाटकाने सांगितले. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने या मुलांची दखल घेतली, २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्याने त्यांस हक्क दिले. बेटेलहाइम यांचा सिद्धान्त ग्रंथालयात धूळ खात पडला आहे. आणि तरीही आमच्या घरांतून तो नाव न घेता सुखाने नांदतो आहे. “आई नोकरी करते ना, मग असंच व्हायचं,” “आमच्या वेळी दोन रट्टे दिले की पोरं सरळ होत,” ही वाक्ये उच्चारणाऱ्या आत्याबाईंनी आणि काकांनी शिकागोचे नावही ऐकलेले नसते. त्यांचे बोलणे ऐकून आईच्या मनात जी अपराधाची भावना घर करते तिचा भार शेवटी मुलावरच येतो. कारण आपण दोषी नाही हे जगास दाखविण्यासाठी चारचौघांत मूल शहाण्यासारखे वागावे, असा आग्रह तिला धरावा लागतो.

त्या शेजारच्या गृहिणीकडे आम्ही पुढे एकदा ‘वेढा’ घेऊन गेलो. इंग्रजी वाचण्याचा तिला सराव नव्हता. म्हणून काही रविवारी दुपारी आम्ही एकेक प्रकरण मराठीत सांगत गेलो. आमची चूक आम्ही पहिल्याच दिवशी सांगून टाकली. ती त्यावर काही बोलली नाही. पुस्तक संपत आले तेव्हा तिने विचारले, “या बाईंना आणखी तीन मुलं होती ना? त्यांच्याकडं कोण बघत होतं?” तिची थोरली मुलगी त्या वेळी दारात उभी होती. प्रश्न मोठ्या मार्मिक टीकाकाराचा होता. एलीच्या थोरल्या भावंडांचा या वेढ्यात वाटा होता, हे पुस्तकात आहे. पण त्यांच्या वाट्यास काय आले याचा हिशेब त्यामानाने थोडा आहे. ज्या घरात एका मुलाकडे सर्वांचे डोळे लागलेले असतात तेथे शहाणे मूल फार लवकर शहाणे होते, आणि त्याच्या रागास कोणी जागा ठेवीत नाही. भावनांची काळजी घ्यावयाची तर ती सबंध घराची घ्यावयास हवी, यात या मुलांचाही समावेश होतो.

पंधरा वर्षांनंतरच्या आवृत्तीस जोडलेल्या भागात पार्क लिहितात की हे सर्व पुन्हा स्वीकारावयाचे की नाकारावयाचे असे कोणी विचारले, तर आता आपण हात पुढे करू. पहिल्या आवृत्तीच्या वेळी हे लिहिणे आपणांस शक्य नव्हते, हेही त्या सांगतात. म्हणून हे वाक्य आम्हांस विश्वसनीय वाटते. नुकतेच निदान ऐकून घरी परतलेल्या आईबापांस कोणी ते उपदेश म्हणून ऐकवू नये. ज्याचे त्यास तेथे पोहोचू द्यावे, आणि न पोहोचल्यास दोष देऊ नये. दोन पुस्तकांपैकी कोणते श्रेष्ठ, हा प्रश्न आता उरलेला नाही. ‘वेढा’ आमच्या घराघरांतून वाचले जावे. ‘रिकामा किल्ला’ही ग्रंथालयांतून काढून टाकू नये, सुंदर भाषेने केलेला अन्याय कसा असतो हे शिकविण्यासाठी तो आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवितो, आणि तो ठेविताना त्या गृहिणीची हकीकत, तिचे नाव न घेता, प्रत्येक वर्गास सांगतो.